उष्णतेला वेग असतो काय?

आमच्या घराची रस्त्याकडची भिंत मातीची आहे. घर जुने, वर माळवद, आणि भिंतीची जाडी एक फुटाच्या आसपास. चैत्र-वैशाखात दुपारी तीनच्या सुमारास बाहेर पाऊल टाकवत नाही. पण त्याच वेळी त्या भिंतीला आतून पाठ टेकून बसावे, तर ती थंड लागते. उलट मध्यरात्र उलटल्यावर, प्रवरेकडून जरा वारा सुटलेला असतो तेव्हा, तीच भिंत आतून ऊबदार झालेली असते. ‘दुपारचं ऊन आत्ता घरात आलं बघ,’ असे म्हणून आजी आपले अंथरूण अंगणात नेते.

लहानपणापासून ऐकलेल्या या वाक्याचा मी कधी विचार केला नव्हता. पदार्थविज्ञानाच्या तासाला उष्णतावहन शिकू लागलो तेव्हा मात्र एक प्रश्न मनात आला. ऊन दुपारी तीनला भिंतीवर पडते आणि रात्री एकच्या सुमारास आत पोहोचते. म्हणजे एक फूट अंतराला दहा तास. मग उष्णतेला वेग असतो असे म्हणावयाचे काय? ध्वनीला वेग आहे, प्रकाशाला वेग आहे. मग उष्णतेचा वेग आमच्या पाठ्यपुस्तकातील कोष्टकात का बरे दिलेला नाही?

या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी बराच दूर गेलो, आणि एकदा चांगलाच फसलोही. ती हकीकत पुढे येईलच. कला आणि वाणिज्य शाखेच्या मित्रांनीही हा लेख वाचावा अशी इच्छा असल्याने समीकरणे चिन्हांत न लिहिता शब्दांतच सांगत आहे.

फूरियेचा नियम

उष्णतावहनाचे शास्त्र ज्याने उभे केले तो जोसेफ फूरिये हा फ्रेंच गणिती मोठा विलक्षण गृहस्थ होता. १७९८ मध्ये तो नेपोलियनबरोबर इजिप्तच्या स्वारीवर गेला. परत आल्यावर ग्रनोबल येथे जिल्ह्याचा कारभार पाहत असतानाच त्याने उष्णतेवरचे आपले संशोधन केले. १८०७ मध्ये त्याने पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे निबंध ठेवला. लाग्रांजसारख्या थोर गणितीला त्यातील गणित पटले नाही. शेवटी १८२२ मध्ये फूरियेचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि आजही आपण उष्णतावहन शिकतो ते त्याच ग्रंथाच्या आधाराने.

त्याचा नियम एका वाक्यात सांगता येतो. पदार्थातून वाहणारा उष्णतेचा ओघ हा तेथील तापमानाच्या उताराच्या प्रमाणात असतो. उतार जितका तीव्र, तितका ओघ जोराचा. याला दुसरी एक गोष्ट जोडावयाची, ती अशी की उष्णता नाहीशी होत नाही. एखाद्या जागी जितकी आली आणि जितकी गेली, त्यातील फरकाने त्या जागेचे तापमान बदलते. ही दोन विधाने एकत्र केली की उष्णतेच्या विसरणाचे समीकरण मिळते. पाण्यात शाईचा थेंब पसरतो तोही अशाच समीकरणाने.

विसरणाचे वैशिष्ट्य असे, की त्यात अंतर आणि काळ यांचे नाते सरळ नसते. अंतर दुप्पट केले की वेळ चौपट लागतो; अंतर दसपट केले की वेळ शंभरपट. लोखंडाचे उदाहरण घेऊ. त्याचा विसरणांक सेकंदाला सुमारे २३ चौरस मिलिमीटर आहे. त्यावरून हिशेब केला तर उष्णतेला लोखंडात १ सेंटिमीटर पसरण्यास साधारण ४ सेकंद, १० सेंटिमीटर पसरण्यास ७ मिनिटे, आणि १ मीटर पसरण्यास १२ तास लागतात. लोहार वीतभर लोखंडाचे टोक लाल करताना दुसरे टोक सांडशीत धरतो, पण लांब पहार भट्टीत घातली तर तिचे दुसरे टोक उघड्या हाताने धरतो, याचे कारण हेच. आता यात उष्णतेचा वेग कोणता म्हणावयाचा? सेंटिमीटरवर मोजला तर एक, मीटरवर मोजला तर त्याच्या शंभरावा भाग. कोष्टकात वेग का देत नाहीत याचा उलगडा येथे होतो. विसरणाला ठराविक वेग नसतोच.

भिंतीतील लाट

पण मग आजीच्या भिंतीचे काय? तेथे तर ऊन ठराविक वेळी आत पोहोचते. रोज दुपारी भिंतीची बाहेरची बाजू तापते, रोज पहाटे निवते. हा चढउतार लाटेसारखा आत सरकत जातो. मातीचा विसरणांक सेकंदाला अर्धा चौरस मिलिमीटर धरला, आणि भिंत बरीच जाड आहे असे मानून ढोबळ हिशेब केला, तर ही लाट तासाला सुमारे ३ सेंटिमीटर या गतीने सरकते. एक फुटाला दहा तास हे आमच्या घरचे अनुभवाचे गणित त्याच्याशी जुळते.

तरीही ही खरी लाट नव्हे, हे दोन गोष्टींवरून ओळखता येते.

पहिली गोष्ट तिच्या क्षयाची. एक फूट आत येईपर्यंत या चढउताराचा जोर सुमारे तेराव्या भागावर येतो. एक पूर्ण तरंगलांबी चालून जाईपर्यंत तर तो पाचशे पस्तिसाव्या भागावर येतो. म्हणजे तळ्यात दगड टाकल्यावर एकामागून एक कडी दिसतात तशी एकामागून एक शिखरे येथे कधीच दिसावयाची नाहीत. पहिलीच लाट वाटेत मरते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. या लाटेची गती तिच्या आवर्तनकाळावर अवलंबून असते. दिवसाची लाट तासाला ३ सेंटिमीटर सरकते. पण उन्हाळा-हिवाळ्याची जी वार्षिक लाट जमिनीत उतरते, तिची गती दिवसाला अवघी ४ सेंटिमीटर असते. एकोणीसपट मंद! आवर्तनकाळ ३६५ पट वाढला की गती त्याच्या वर्गमुळाइतकी कमी होते. अशा मातीत ७ मीटर खोल गेल्यास ऋतू उलटा होतो. वर वैशाख असतो तेव्हा तेथे वर्षातील सर्वांत थंड काळ चालू असतो. मात्र फरक इतका क्षीण झालेला असतो की तो हाताला जाणवू नये.

ध्वनीचे असे होत नाही. देवळात भजन चालू असताना आपण दूरच्या ओट्यावर बसलो, तरी पखवाजाचा खर्ज आणि टाळांचा चढा नाद आपल्यापर्यंत एकाच वेळी येतो. आवर्तनकाळाप्रमाणे ध्वनीची गती बदलली असती, तर पखवाज एका अभंगाचा आणि टाळ दुसऱ्या अभंगाचे ऐकू आले असते. खऱ्या तरंगाला माध्यमाने दिलेली स्वतःची गती असते. भिंतीतील उष्णतेच्या लाटेला तशी गती नाही. ती विसरणाचेच एक रूप आहे.

नियमातील उणीव

येथपर्यंत सर्व ठीक वाटते. परंतु फूरियेच्या समीकरणाला नीट प्रश्न विचारला, तर ते एक विचित्र उत्तर देते.

एक मीटर लांबीची लोखंडी कांब घ्या. तिचे एक टोक एकदम तापवा. एका सेकंदानंतर दुसऱ्या टोकाचे तापमान किती वाढेल? समीकरण सांगते की वाढ नगण्य आहे, इतकी नगण्य की ती लिहावयाची झाल्यास दशांश चिन्हानंतर सुमारे ४७०० शून्ये द्यावी लागतील आणि मग पहिला अंक येईल. पण ती वाढ शून्य नाही. एका सेकंदाऐवजी सेकंदाचा अब्जांश भाग घेतला तरीही ती शून्य नाही. म्हणजेच एका टोकाला झालेल्या बदलाची वार्ता दुसऱ्या टोकाला तत्क्षणी पोहोचते. कांब संगमनेरपासून नाशिकपर्यंत लांब असली तरीही!

व्यवहारात या ४७०० शून्यांचे कोणाला काही सोयरसुतक नाही. पण तत्त्व म्हणून ही गोष्ट पचत नाही. उष्णता म्हणजे अणूंची आंदोलने. एक अणू हलला म्हणजे शेजारचा हलतो, मग त्याच्या शेजारचा. या साखळीला काहीतरी काळ लागलाच पाहिजे. शिवाय प्रकाशापेक्षा अधिक वेगाने कोणतीही वार्ता जाऊ शकत नाही, हे १९०५ पासून आपणास ठाऊक आहे. मग उष्णतेच्या समीकरणालाच ही सवलत कशी?

चूक नियमाच्या पहिल्याच वाक्यात आहे. ‘ओघ हा उताराच्या प्रमाणात असतो’ असे म्हणताना आपण गृहीत धरतो की उतार निर्माण झाला रे झाला की ओघ सुरू होतो. पाटाचे दार उघडल्याबरोबर शेवटच्या वाफ्यात पाणी पडले असे म्हणण्यासारखेच हे आहे. प्रत्यक्षात ओघाला उताराशी जुळवून घेण्यास थोडा अवधी लागतो. त्या अवधीला शिथिलन काल म्हणतात.

दुरुस्ती

ही गोष्ट प्रथम लक्षात आली ती जेम्स क्लार्क मॅक्सवेल याच्या. १८६७ मध्ये वायूंच्या गतिसिद्धांतावर लिहिताना त्याच्या गणितात अशा विलंबाचे एक पद आले. परंतु ओघ फार त्वरेने स्थिरावतो, या कारणाने त्याने ते पद सोडून दिले. हवेच्या बाबतीत ते योग्यच होते. पुढे ऐंशी वर्षे त्या पदाची फारशी कोणी विचारपूस केली नाही. १९४८ मध्ये कार्लो कात्तानेओ या इटालियन गणितीने ते पुन्हा मांडले, आणि १९५८ मध्ये पिअर वेर्नोत या फ्रेंच शास्त्रज्ञाने व स्वतः कात्तानेओने त्याचा पुरस्कार केला. म्हणून सुधारलेल्या नियमाला आज दोघांचेही नाव आहे.

सुधारणा अशी: ओघ, अधिक शिथिलन काल गुणिले ओघ बदलण्याचा दर, यांची बेरीज तापमानाच्या उताराच्या प्रमाणात असते. एवढे एक पद वाढले, पण त्याने समीकरणाची जातच बदलली. गणिताच्या विद्यार्थ्यांच्या भाषेत सांगावयाचे तर अन्वस्तीय समीकरणाचे अपास्तीय समीकरण झाले. त्यातून उष्णतेला सीमित वेग मिळाला. विसरणांकाला शिथिलन कालाने भागावे आणि वर्गमूळ काढावे, म्हणजे तो वेग येतो. त्या वेगाने जाणाऱ्या आघाडीच्या पुढे तापमान अगदी तिळमात्रही बदलत नाही. ४७०० शून्यांच्या जागी खरेखुरे शून्य आले.

हे समीकरण विज्ञानाला अगदी नवे होते असेही नाही. समुद्राखालून तारायंत्राच्या तारा टाकावयाच्या होत्या तेव्हा विल्यम टॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनने, १८५५ मध्ये तारेतील विद्युत्‌-संदेशाला फूरियेचेच समीकरण लावले होते. १८७६ मध्ये ऑलिव्हर हेव्हिसाइडने त्यात विद्युत्‌-प्रवाहाचे जडत्व, म्हणजे स्वयंप्रवर्तन, मिळवले आणि तारसमीकरण तयार झाले. विसरणाच्या जागी तरंग आला. कात्तानेओने उष्णतेच्या बाबतीत केले ते हेच. उष्णतेच्या ओघाला त्याने जडत्व दिले.

मग भिंतीत किंवा तव्यात हा तरंग आपल्याला दिसत का नाही? उत्तर आकड्यांत आहे. धातूंचा नेहमीच्या तापमानातील शिथिलन काल अतिशय अल्प असतो. लोखंडासाठी तो सेकंदाचा एक लाख-कोटीवा भाग, म्हणजे एक पिकोसेकंद, धरला तर उष्णतातरंगाचा वेग सेकंदाला सुमारे ४८०० मीटर येतो. हा वेग लोखंडातील ध्वनीच्या वेगाच्या जवळपास आहे, आणि तसे असणे स्वाभाविकच. उष्णता वाहून नेणारी आंदोलने ही ध्वनीचीच भावंडे होत. पण हा तरंग एका शिथिलन कालात चालतो किती? मिलिमीटरचा दोन लाखावा भाग! तेवढ्यात तो विरून जातो आणि पुढे पुन्हा फूरियेचे राज्य सुरू होते.

बाजार आणि दिंडी

तरंग टिकावयाचा तर काय हवे, हे एका उदाहरणाने सांगतो. घन पदार्थातील आंदोलनांच्या गठ्ठ्यांना फोनॉन म्हणतात. आपण त्यांना उष्णतेचे हमाल म्हणू. आता आठवडे बाजाराचा दिवस डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक जण कोणाला तरी धडकतो, थांबतो, वळतो, मागे फिरतो. बाजाराच्या एका टोकाला जमलेली गर्दी हळूहळू सगळीकडे पसरते. ती कोठे ‘चालत’ जात नाही. हे विसरण होय. नेहमीच्या तापमानाला पदार्थातील हमालांची अशीच स्थिती असते.

याउलट आषाढातील दिंडी पाहा. तेथेही गर्दी आहे आणि रेटारेटीही आहे. पण वारकऱ्याचा धक्का वारकऱ्यालाच लागतो. एकाने गमावलेली पुढची ओढ दुसऱ्याला मिळते आणि सगळी दिंडी मिळून पुढेच जाते. तिला अडवू शकतात त्या बाहेरच्या गोष्टी. रस्त्यातला दगड, अरुंद पूल, उलट दिशेची वाहतूक.

फोनॉनांच्या धडकाही अशाच दोन प्रकारच्या असतात, हे रुडॉल्फ पायर्ल्स याने १९२९ मध्ये दाखवले. पहिल्या प्रकारात एकूण पुढची ओढ, म्हणजे संवेग, कायम राहतो. दुसऱ्या प्रकारात तो स्फटिकाच्या जाळीला दिला जातो आणि ओघ अडतो. स्फटिकातील अशुद्धी आणि त्याच्या कडा याही ओघ अडवतातच. उष्णतेचा तरंग हवा असेल तर पहिल्या प्रकारच्या धडका भरपूर आणि दुसऱ्या प्रकारच्या फार थोड्या पाहिजेत. यासाठी पदार्थ अत्यंत थंड आणि अत्यंत शुद्ध असावा लागतो. तोही मर्यादेत, कारण फारच थंड केला तर धडकाच होत नाहीत, आणि फोनॉन बंदुकीच्या गोळीसारखे सरळ सुटतात. तोही तरंग नव्हे. बाजार आणि गोळीबार या दोहोंमधल्या अरुंद पट्टीत दिंडी आहे.

अशा स्थितीत फोनॉनांचा समुदाय हवेसारखा वागतो. हवेतील ध्वनीत हवा दाट-विरळ होते. येथे फोनॉन दाट-विरळ होतात. फोनॉन दाट तेथे तापमान अधिक, विरळ तेथे कमी. म्हणून या तरंगाला ‘द्वितीय ध्वनी’ असे नाव आहे. आदर्श स्थितीत त्याचा वेग नेहमीच्या ध्वनीच्या वेगाला तीनच्या वर्गमुळाने भागून येतो, म्हणजे सुमारे ५८ टक्के.

तरंग सापडला

तो प्रथम सापडला तो घन पदार्थात नव्हे, तर द्रव हेलियममध्ये. हेलियमचे नाव काढले की आपल्याकडे विजयदुर्गाची आठवण निघते. या मूलद्रव्याचा शोध त्या किल्ल्यावर लागला असे सांगितले जाते. पण ते तितकेसे बरोबर नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात गुंटूर येथे जान्सेनने सूर्यज्वालांचा वर्णपट पाहिला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात नॉर्मन लॉकयरने इंग्लंडमधून त्यातील पिवळी रेषा नोंदवली. लॉकयर विजयदुर्गास आला तो १८९८ च्या ग्रहणासाठी.

हेलियम २.१७ केल्विनच्या खाली, म्हणजे उणे २७१ अंश सेल्सियसलाही, द्रवच राहतो. पण तो अतिप्रवाही होतो. त्यात उष्णतेचा तरंग जाईल असे लास्लो टिसाने १९३८ मध्ये आणि लेव्ह लांडाऊने १९४१ मध्ये सांगितले. १९४४ मध्ये मॉस्कोत पेश्कोव्हने तो मोजला. १.५ केल्विनच्या आसपास त्याचा वेग निघाला सेकंदाला सुमारे २० मीटर. आपल्या रस्त्यावरून एस. टी. ची गाडी वेगात जाते साधारण तितका!

घन पदार्थाची पाळी १९६६ मध्ये आली. अमेरिकेत अॅकरमन, बर्टमन, फेअरबँक आणि गायर यांनी दाबाखाली गोठवलेल्या हेलियमच्या स्फटिकात एका बाजूने उष्णतेचा क्षणिक ठोका दिला आणि दुसऱ्या बाजूला तो ठोका ओळखू येईल अशा आकारात पोहोचलेला पाहिला. १९७० मध्ये सोडियम फ्लोराइडच्या स्फटिकात १० ते २० केल्विनच्या दरम्यान तो सापडला. १९७२ मध्ये बेल प्रयोगशाळेत व्यंकटेश नारायणमूर्ती आणि रॉबर्ट डाइन्स यांनी बिस्मथमध्ये ४ केल्विनच्या खाली तो दाखवला. यांपैकी नारायणमूर्ती बंगलोरला जन्मलेले आणि दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयात शिकलेले. भारतातील एका महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे पहिले धडे घेतलेल्या माणसाचे नाव या इतिहासात आहे, हे आपण विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

हेच पदार्थ का निवडले, असा प्रश्न पडेल. सोडियम, फ्लोरिन आणि बिस्मथ या प्रत्येकाचा निसर्गात आढळणारा समस्थानिक एकेकच आहे. एकाच मूलद्रव्याचे हलके-भारी अणू मिसळलेले असले की फोनॉनांच्या वाटेत तेवढेच खडे पडतात. येथे वाट मुळातच स्वच्छ होती.

यानंतर बराच काळ असे समजले जात होते की हा तरंग म्हणजे फक्त अतिशीत प्रयोगशाळेतील नवल. पण २०१९ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी ग्रॅफाइटमध्ये १०० केल्विनच्या वर तो दाखवला, आणि २०२२ मध्ये ही मर्यादा २०० केल्विनच्या पलीकडे, म्हणजे उणे ७३ अंश सेल्सियसपर्यंत गेली. आपल्या पेन्सिलीत असते तेच हे ग्रॅफाइट! प्रयोगाची रीत मोठी सुबक आहे. दोन लेसर किरण एकमेकांत मिसळून पृष्ठभागावर गरम आणि थंड अशा बारीक पट्ट्या उमटवतात. फूरियेचा नियम खरा असेल तर पट्ट्यांतील फरक कमी कमी होत शून्यावर येऊन थांबावा. पण तो शून्यावर थांबला नाही. गरम पट्ट्या शेजारच्या थंड पट्ट्यांपेक्षाही थंड झाल्या, जसा झोपाळा मधे न थांबता पलीकडे जातो तशा. विसरणात हे कधीच घडू शकत नाही.

वाळूतला घोटाळा

आता माझ्या फसगतीची हकीकत. वाचनात असे आले, की १९९० मध्ये कामिन्स्की या संशोधकाने वाळूसारख्या कणमय पदार्थांचा शिथिलन काल चांगला वीस सेकंदांच्या घरात असल्याचे प्रसिद्ध केले होते. पुढे १९९५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाबद्दलही तसाच दावा झाला. मला आनंदच झाला! पिकोसेकंद नकोत, द्रव हेलियम नको. प्रवरेच्या पात्रात वाळू हवी तितकी आहे.

वाळू आणून उन्हात वाळवली, तेलाच्या रिकाम्या डब्यात भरली, एका बाजूला गरम इस्त्री टेकवली आणि एक सेंटिमीटर आत थर्मामीटर खुपसला. पाऊण मिनिट पारा हललाच नाही. मग चढू लागला. मी धावतच आमच्या सरांकडे गेलो आणि उष्णतातरंग सापडल्याचे सांगितले. सरांनी शांतपणे दोनच प्रश्न विचारले. ‘थर्मामीटरचा स्वतःचा उशीर मोजलास का? आणि दोन सेंटिमीटरवर काय होतं ते पाहिलंस का?’

दोन्ही केले नव्हते. परत येऊन तोच थर्मामीटर आधीच तापवलेल्या वाळूत खुपसला; त्याचाच उशीर दहा-बारा सेकंदांचा निघाला. मग इस्त्रीपासून दोन सेंटिमीटरवर प्रयोग केला. तरंग असता तर मूळ उशिराच्या दुप्पट वेळ लागला असता. लागली सव्वादोन मिनिटे. थर्मामीटरचा उशीर दोन्हीकडून वजा केला तर बाकी उरते ती चौपटीच्या जवळ. अंतर दुप्पट, वेळ चौपट! माझ्या डब्यात फूरिये जसाच्या तसा बसलेला होता.

नंतर कळले की मोठ्यांच्या बाबतीतही असेच झाले होते. १९९९ आणि २००० मध्ये जर्मनीत हे प्रयोग काळजीपूर्वक पुन्हा केले गेले तेव्हा तरंगाचा पुरावा मिळाला नाही. साधे विसरणच पुरेसे ठरले. हे वाचून मला थोडे हायसे वाटले, हे कबूल करतो. पण त्याहून अधिक पटली ती सरांच्या दोन प्रश्नांची किंमत. उशीर दिसला म्हणजे तरंग सापडला असे नव्हे. उशीर विसरणालाही असतो आणि उपकरणालाही असतो. तरंगाची खूण उशिरात नसून अंतर आणि काळ यांच्या नात्यात असते. एका ठिकाणी, एका अंतरावर घेतलेले मोजमाप ते नाते दाखवूच शकत नाही.

मग काय खरे?

सुधारलेले समीकरण आले म्हणून फूरियेचा नियम खोटा ठरला काय? तसे मुळीच नाही. घराची भिंत, साखर कारखान्याचा बॉयलर, विटांची भट्टी, इंजिनाचे सिलिंडर, या सर्वांना तो पुरेसा आहे आणि पुढेही राहील. उलट कात्तानेओचे समीकरणही अखेरचा शब्द नव्हे. काही प्रसंगी ते उष्णता थंडाकडून गरमाकडे वाहत असल्याचे दाखवते, आणि ऊष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाशी त्याचा मेळ बसवण्यासाठी पुढे बरेच तात्त्विक काम करावे लागले.

मात्र जेथे काळ पिकोसेकंदांत आणि अंतर मिलिमीटरच्या दशलक्षांशांत मोजावयाचे, तेथे हा प्रश्न आता केवळ पुस्तकी राहिलेला नाही. लेसरच्या क्षणिक ठोक्याने धातू तापवताना आणि संगणकाच्या सूक्ष्म घटकांतून उष्णता बाहेर काढताना फूरियेचे उत्तर चुकू शकते. तापलेल्या पदार्थात ताण कसे उत्पन्न होतात या विषयातही १९६७ मध्ये लॉर्ड आणि शुलमन यांनी शिथिलन काल आणला. बंगलोर विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक डी. एस. चंद्रशेखरय्या यांनी या साऱ्या विषयाचा १९८६ मध्ये घेतलेला आढावा जगभर वाचला गेला. गणिताची आवड असलेल्या आपल्या मित्रांना या क्षेत्रात महागडी प्रयोगशाळा नसतानाही काम करता येण्यासारखे आहे.

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. उष्णतेला वेग असतो. पण आपल्या रोजच्या जगात ती त्या वेगाने एक पाऊलही धड टाकू शकत नाही. इतक्या वेळा ती अडते, वळते, मागे फिरते, की तिच्या चालण्यापेक्षा तिचे पसरणेच आपल्या अनुभवास येते. वाट अतिशय स्वच्छ आणि शांत असेल तेव्हाच ती चालताना दिसते.

परवा रात्री आजीला हे सर्व सांगितले. मातीतून तासाला तीन सेंटिमीटर, एक फुटाला दहा तास, हा हिशेब तिला मनापासून आवडला. मग तिने विचारले, ‘भिंत दोन फुटी असती तर ऊन कधी आलं असतं?’ मी म्हटले, ‘वीस तासांनी, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला. पण तोवर ते इतकं क्षीण झालं असतं की तुला कळलंही नसतं.’ आजी म्हणाली, ‘म्हणूनच वाड्याच्या भिंती दोन-दोन हात रुंद बांधायचे,’ आणि अंथरूण उचलून अंगणात गेली.